मंक, ग्रिफिन आणि फाइव्ह स्पॉटमधली एक रात्र

न्यूयॉर्क शहरात १९४० पासून १९६७ पर्यंत एक जाचक नियम होता. ज्या क्लबात दारू मिळते तिथे गायचं किंवा वाजवायचं असेल, तर कलाकाराला पोलिसांकडून कार्ड काढावं लागे. त्यासाठी बोटांचे ठसे द्यायचे, फोटो द्यायचा आणि ठरावीक मुदतीने कार्ड नव्याने करून घ्यायचं. अमली पदार्थांच्या प्रकरणात शिक्षा झाली की कार्ड जप्त. कोर्टाने दिलेली शिक्षा भोगून माणूस बाहेर आला तरी ही दुसरी शिक्षा चालूच राही, आणि ती कधी संपेल हे पोलिसांच्या मर्जीवर. बिली हॉलिडे ही थोर गायिका १९४८ मध्ये तुरुंगातून सुटली आणि लगेच कार्नेगी हॉलच्या भरगच्च सभागृहात गायली, कारण तिथे दारू विकत नसत. मात्र कोपऱ्यावरच्या चार टेबलांच्या क्लबात गायची तिला बंदी होती. जॅझ वाढलं ते अशाच क्लबांत. त्यातला वादक रोज रात्री वाजवूनच घडतो आणि त्यावरच जगतो. त्याचं कार्ड काढून घेणं म्हणजे त्याची भाकरी आणि रियाज दोन्ही एकदम काढून घेणं.

थेलोनिअस मंक या पियानोवादकाचं कार्ड १९५१ मध्ये गेलं. तो आणि त्याचा मित्र बड पॉवेल, तोही तितकाच तोलामोलाचा पियानोवादक, एका उभ्या गाडीत बसले होते. पोलीस आले, हेरॉइनचं पाकीट सापडलं. ते आपलं नाही, एवढंच मंक सांगत राहिला. कोणाचं, हे त्याने सांगितलं नाही. साठ दिवसांची कैद झाली आणि त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं न्यूयॉर्कच्या क्लबांत त्याला वाजवता आलं नाही. त्याचं वय तेव्हा तेहतीस. दहा वर्षांपूर्वी हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये ज्या रात्रींमधून बीबॉप ही जॅझची नवी शैली जन्माला आली, त्या रात्रींचा हा घरचा पियानोवादक. त्याच्या बरोबरीचे सगळे नावारूपाला येत होते आणि हा वेस्ट ६३व्या रस्त्यावरच्या लहानशा घरात पियानोपुढे बसून नव्या रचना बांधत होता. बायको नेली नोकऱ्या करून घर चालवत होती.

त्याच्या नावाची बाजारातली किंमत तेव्हा काय होती, याचा एक आकडा उपलब्ध आहे. १९५५ मध्ये रिव्हरसाइड या छोट्या कंपनीने त्याला प्रेस्टिज कंपनीच्या करारातून सोडवून घेतलं, ते त्याच्या नावावरची उचल फेडून. ती रक्कम होती साधारण १०८ डॉलर. रिव्हरसाइडचे मालक दोघे, बिल ग्रावर आणि ऑरिन कीपन्यूज. कीपन्यूज हा निर्माता मंकच्या संगीतावर मनापासून विश्वास ठेवणारा होता. त्याने मंककडून स्टुडिओत एकापाठोपाठ एक रेकॉर्ड करून घेतल्या. ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ या रेकॉर्डनंतर समीक्षकांचे कान टवकारले गेले. पण स्टुडिओतला मंक म्हणजे अर्धा मंक. रोज रात्री तेच तीन सोबती, तीच जागा, समोर बसलेली माणसं आणि घड्याळाकडे न बघता वाजवायची मोकळीक त्याला मिळालेली नव्हती. ती १९५७ मध्ये मिळाली. पॅनोनिका द कोनिग्सवार्टर या रॉथस्चाइल्ड घराण्यातल्या, जॅझवर जीव टाकणाऱ्या बाईंनी आणि मंकच्या व्यवस्थापकाने खटपट केली, वकील लावले, आणि कार्ड परत आलं.

मंकला बोलावणारा क्लब होता फाइव्ह स्पॉट. मॅनहॅटनच्या खालच्या भागात बॉवरी नावाचा बदनाम रस्ता. फुटपाथवर झोपणारे दारुडे, स्वस्त खोल्या. तिथे कूपर स्क्वेअरच्या ५ क्रमांकात टर्मिनी कुटुंबाचा जुना गुत्ता होता. तो पुढे जो आणि इग्गी या दोन भावांकडे आला. दारावरूनच उन्नत रेल्वे जायची, तिच्या खडखडाटात आणि सावलीत धंदा जेमतेम चाले. १९५५ मध्ये ती रेल्वे बंद करून पाडली, रस्त्यावर उजेड आला, आणि आसपासच्या स्वस्त गाळ्यांमध्ये चित्रकार राहायला येऊ लागले. विलेम द कूनिंग, फ्रान्झ क्लाइन, लॅरी रिव्हर्स ही मंडळी संध्याकाळी टर्मिनींकडे बिअर प्यायला यायची. त्यांनाच तिथे संगीत हवं होतं. भावांनी पियानो आणला, डेव्हिड अॅमरम वाजवू लागला, मग सेसिल टेलर. भिंतींवर प्रदर्शनांची आणि मैफिलींची पोस्टरं लागली. फ्रँक ओ’हारासारखे कवी टेबलाशी बसू लागले. जागा शंभर माणसांचीही नव्हती. धूर इतका की मागच्या टेबलावरून वादक धूसर दिसावेत. पण इथले लोक ऐकायला आलेले होते, आणि मालक वादकांना आठवडेच्या आठवडे ठेवून घ्यायला तयार होते. संगीताच्या दृष्टीने हीच गोष्ट सगळ्यात मोलाची.

(क्लब बंद पडला की संगीताचं काय होतं, हे आपल्या मुंबईने त्याच दशकात अनुभवलं. दारूबंदीचा कायदा १९४९ मध्ये आला, हॉटेलांमधल्या रात्री ओसरल्या आणि तिथे जॅझ वाजवणारे गोव्याचे ट्रम्पेटवाले, सॅक्सोफोनवाले सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. आपल्या चित्रपटसंगीताचं त्यात भलं झालं. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मधली झिंग ऐकताना चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवाला आणि त्याचे साथीदार यांचं जॅझच कानावर पडत असतं. मराठी कानाला हे संगीत परकं वाटायचं कारण नाही, ते असं.)

मंक ४ जुलै १९५७ रोजी फाइव्ह स्पॉटमध्ये बसला तो वर्ष संपेपर्यंत. त्या महिन्यांत त्याच्याबरोबर टेनर सॅक्सोफोनवर होता जॉन कोल्ट्रेन. जॅझच्या जगात त्या चौकडीबद्दल आजही दंतकथेच्या सुरात बोलतात, आणि ते वाजवीच आहे. कोल्ट्रेनने आपल्या वादनाचा पुढचा सगळा रस्ता तिथे शोधला. दुर्दैव असं की करारांच्या भानगडीत त्या महिन्यांतलं क्लबमधलं वादन रिव्हरसाइडला ध्वनिमुद्रित करता आलं नाही. कोल्ट्रेन प्रेस्टिजकडे बांधलेला होता. ही हुकलेली संधी कीपन्यूजला आयुष्यभर सलली असणार. जॅझच्या चाहत्यांना तर ती अजून सलते. आणि याच रुखरुखीची पुढच्या वर्षीच्या एका उत्तम रेकॉर्डवर कायमची सावली पडली. या लेखाचं कारण ती रेकॉर्ड आहे. खरं तर त्या दोन आहेत, एकाच रात्रीच्या: ‘थेलोनिअस इन अॅक्शन’ आणि ‘मिस्टेरिओसो’.

१९५८ च्या जूनमध्ये मंक फाइव्ह स्पॉटमध्ये परतला तेव्हा कोल्ट्रेन पुन्हा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसकडे गेला होता. त्याच्या जागी जॉनी ग्रिफिन आला. शिकागोचा, तीस वर्षांचा, अंगाने लहानखुरा. त्या काळी टेनर सॅक्सोफोनवर त्याच्याइतका वेगवान हात क्वचितच दुसरा कोणाचा असेल. शिकागोच्या डुसाबल हायस्कूलमध्ये कॅप्टन वॉल्टर डायेट या कडक मास्तरांच्या हाताखाली तयार झालेला, पोरवयातच लायोनेल हॅम्प्टनच्या मोठ्या वाद्यवृंदात दाखल झालेला. मंकच्या रचना त्याच्या ओळखीच्या होत्या. ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्स या चमूने आदल्याच वर्षी मंकला घेऊन केलेल्या रेकॉर्डवर सॅक्सोफोन ग्रिफिनचाच आहे.

ड्रम्सवर रॉय हेन्स. चार्ली पार्कर, लेस्टर यंग या सॅक्सोफोनवादकांबरोबर वाजवलेला, आणि सारा वॉनच्या साथीला पाच वर्षं काढून नुकताच मोकळा झालेला. गायिकेची साथ करणाऱ्याला दुसऱ्याचा श्वास ऐकायची सवय लागते, ती हेन्सच्या वाजवण्यात स्पष्ट दिसते. तो ताल नुसता धरून ठेवत नाही. सॅक्सोफोनचं वाक्य संपलं की लहान ढोलावर दोन टिपऱ्यांत त्याला दाद देतो, कधी उलटा प्रश्न टाकतो. हा माणूस ९९ वर्षं जगला. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी गेला, आणि नव्वदी उलटल्यावरही वाजवत होता.

डबल बेसवर अहमद अब्दुल-मलिक. चौघांत सगळ्यात कमी नाव याचं, आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात कुतूहलाचा माणूस हाच. ब्रुकलिनमध्ये कॅरिबियन कुटुंबात जन्मलेला. त्याने इस्लाम स्वीकारला आणि अरबी संगीताचा ध्यास घेऊन ऊद हे वाद्य शिकला. फाइव्ह स्पॉटच्या त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, त्याने ‘जॅझ सहारा’ ही रेकॉर्ड केली. तिच्यात अरबी वाद्यांच्या मेळ्यात सॅक्सोफोन वाजवतोय तो ग्रिफिनच. तीन वर्षांनी व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबात कोल्ट्रेनने ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली, तेव्हा तिच्यात तंबोऱ्यासारखा अखंड सूर धरून ठेवण्याचं काम अब्दुल-मलिकनेच केलं. रविशंकरांच्या वादनाने भारलेल्या कोल्ट्रेनला तो सूर कोणाकडून मागायचा हे बरोबर ठाऊक होतं.

आता ध्वनिमुद्रणाबद्दल. कीपन्यूजने आधी ९ जुलैला यंत्रं क्लबात लावली. त्या रात्रीचं वादन मंकला पसंत पडलं नाही. ते त्याच्या हयातीत बाहेरच आलं नाही. महिन्याने, ७ ऑगस्टला, पुन्हा बेत केला. ध्वनिमुद्रक होता रे फाउलर. दोन्ही रेकॉर्ड या एका रात्रीतून निघाल्या.

क्लबात ध्वनिमुद्रण करणं तेव्हा जोखमीचं काम होतं. व्यावसायिक यंत्रावर फीत सेकंदाला १५ इंच वेगाने धावे. अडीच हजार फुटांचं मोठं रीळ साधारण ३३ मिनिटांत संपे. वादक रंगात असताना रीळ संपलं तर हाती काही उरत नाही, म्हणून किती वेळ झाला आणि पुढची रचना किती लांबेल याचा अंदाज घेत बसावं लागे. मंकची चौकडी एखादी रचना पाच मिनिटांत आटोपेल की अकरा मिनिटं चालवेल, हे मंकलाही आधी माहीत नसे. माइकचं तोंड सॅक्सोफोनकडे केलं की त्यात ड्रम्स शिरतात, ड्रम्स आवरले की बेस हरवतो. पुन्हा वाजवा म्हणायची सोय नाही, कारण समोर पैसे देऊन बसलेली माणसं आहेत. आणि त्या माणसांचा आवाजही फितीवर येणारच. ‘मिस्टेरिओसो’ ऐकताना टाळ्या येतात, कुजबुज येते, मध्येच कोणाचा तरी खुशीचा हुंकार येतो. तो हुंकार बऱ्याचदा खुद्द मंकचा असतो.

खयालाच्या बैठकीत बसलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीवर मोठा गवई ऐकणं एक, आणि कोणीतरी हौसेने फितीवर उतरवून ठेवलेल्या त्याच्या बैठकीत तो ऐकणं दुसरं. बैठकीत चुका होतात, तबल्याचा आवाज जास्त येतो, कोणी खोकतं, पण राग पुढे कसा सरकला हे तिथेच कळतं. फाइव्ह स्पॉटच्या फितीचं मोल याच जातीचं आहे. दोन महिने रोज रात्री एकत्र वाजवून एकमेकांच्या खोडी पाठ झालेले चार वादक त्यांच्या नेहमीच्या जागी कामाला बसले आहेत, आणि आपल्याला मधल्या टेबलाशी जागा मिळाली आहे.

‘मिस्टेरिओसो’ ही रचना घ्या. बांधणी ब्लूजची, चार-चार मात्रांच्या बारा बारांचं आवर्तन, म्हणजे जॅझमधली सगळ्यात सोपी चौकट. तिच्यावर मंकने सुरांच्या जोड्या चढवल्या आहेत. खालचा एक सूर, त्याच्यापासून सा ते ध एवढ्या अंतरावरचा वरचा सूर, मग पायरीने पुढची जोडी, पुन्हा पुढची. खाली, वर, खाली, वर. सगळे सूर सारख्या लांबीचे, कोणावरही वेगळा जोर नाही. ऐकताना लहान मुलाच्या बोटांच्या व्यायामासारखं वाटतं. चौथ्या-पाचव्या बारात लक्षात येतं की पायाखालची जमीन किंचित कलली आहे, आणि ती कुठे कलली ते बोट ठेवून सांगता येत नाही. मंकने ही रचना १९४८ मध्ये पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केली तेव्हा ती तीन-साडेतीन मिनिटांत संपवावी लागली होती. तबकडीवर तेवढीच जागा असे. फाइव्ह स्पॉटमध्ये ती जवळपास अकरा मिनिटं चालते. तीच रचना, तेच सूर, पण आता श्वास घ्यायला हवा मिळालेली.

मंकच्या पियानोबद्दल ‘याला वाजवता येत नाही’ असं त्या काळी बरेच जण म्हणत. बोटं पट्ट्यांवर सपाट, कधी कोपर, मध्येच लांबलचक शांतता. ज्याला श्रुतींची ओळख आहे त्या श्रोत्याने मंक वेगळ्या कानाने ऐकावा. पियानोवर मींड नाही, दोन पट्ट्यांच्या मधला सूर वाद्यातच नाही. मंक दोन लगतच्या पट्ट्या एकदम दाबतो आणि त्यातली एक चटकन सोडतो. कानाला क्षणभर असा भास होतो की सूर कुठून तरी घसरत आला. वाद्यात नसलेली जागा तो वाद्यातूनच काढून दाखवतो. त्याच रात्री त्याने ‘जस्ट अ जिगोलो’ हे जुनं लोकप्रिय गाणं एकट्याने वाजवलं. दोनच मिनिटांचं आहे, बाकीचे तिघे गप्प. मंक वाजवू शकतो की नाही, या प्रश्नाचं उत्तर तेवढ्यात मिळतं. एकेक सूर तो असा ठेवतो की त्याच्या शेजारी दुसरा ठेवायची हिंमत होऊ नये.

आणि मग ‘इन वॉक्ड बड’. ही रचना मंकने १९४० च्या दशकात बड पॉवेलसाठी केली होती. ज्याच्यासोबत गाडीत बसलेला असताना त्याचं कार्ड गेलं तोच हा बड. सहा वर्षं ज्या मित्रामुळे घरी बसावं लागलं, त्याच्या नावाचं गाणं मंक क्लबात परतल्यावर पुन्हा पुन्हा, आनंदाने वाजवत होता. या गोष्टीवर त्याने कधी भाषण दिलं नाही. पण त्या रात्रीचं ते वादन मला दोन्ही रेकॉर्डमधलं सर्वोत्तम वाटतं, आणि ते ऐकताना हा संदर्भ मनातून जात नाही.

पियानोची आठ बारांची सुरुवात, मग सॅक्सोफोनवर धून, आणि ग्रिफिन सुटतो. पहिली आवर्तनं मंक त्याच्याखाली तुटक सूर टाकत राहतो. ही साथ कोणालाही अडचणीत आणणारी. ग्रिफिन एक वाक्य बोलायला घेतो आणि मंक त्याच्या मध्यावर, अगदी अनपेक्षित मात्रेवर, दोन सूर ठोकतो. त्यातून वाट काढायची तर मंकची रचना आरपार माहीत हवी, नुसता वेग कामाचा नाही. मग तिसऱ्या मिनिटाच्या आसपास पियानो अचानक थांबतो. मंकची ही नेहमीची रीत होती. रंगात आला की पियानोवरून हात काढायचे, पुष्कळदा उठून तिथेच मंचावर गोल गोल नाचायचं, आणि सोबत्यांना मोकळं सोडायचं. आता सॅक्सोफोन, बेस आणि ड्रम्स एवढेच. ग्रिफिन वाद्याच्या वरच्या टोकाला जाऊन धबाधबा सूर ओततो, इतक्या वेगाने की वाक्यं एकमेकांवर चढतात, पण एकही शब्द अस्पष्ट नाही. हेन्स त्याच्या मागे धावत नाही, आडव्या वाटेने त्याला गाठतो. दोनेक मिनिटांनी पियानो परत येतो तेव्हा जणू घरमालक पाहुण्यांच्या गप्पांमध्ये सहज येऊन बसतो. या सगळ्यात मंकचा ओरडा ऐकू येतो, संमतीचा. त्याच्या तोंडून शाबासकी मिळवणं सोपं नव्हतं.

कोल्ट्रेनशी तुलना होते ती इथेच. कोल्ट्रेन मंकच्या रचनेत खोल उतरत असे, तिचा प्रत्येक कोपरा खणत असे. ग्रिफिन तसा नाही. तो तिच्यावर स्वार होतो. त्याच्या वाजवण्यात शिकागोचे ब्लूज आहेत, थट्टा आहे, बाजारातला गलका आहे. काही जाणत्यांना त्यामुळे तो मंकला पुरेसा गंभीर जोडीदार वाटला नाही. मला हे मत पटत नाही. मंकच्या संगीतात विनोद आणि नाच आधीपासून आहेत, आणि ते ग्रिफिनने जितके वर आणले तितके दुसऱ्या कोणी आणले नाहीत. चार्ली राउज हा सॅक्सोफोनवादक पुढे मंकबरोबर दहा-अकरा वर्षं राहिला. त्याची साथ समंजस, घरच्या माणसाची. ग्रिफिन मात्र मंकशी झुंज घेतो, आणि मंकला ती हवी होती असंच या फितीवरून वाटतं.

‘थेलोनिअस इन अॅक्शन’ची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. क्लबात प्रत्येक फेरी संपताना मंकची चौकडी ‘एपिस्ट्रॉफी’ ही धून थोडक्यात वाजवून उठत असे. रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंच्या शेवटी ती धून तशीच ठेवली आहे. म्हणजे बाजू संपते तेव्हा फेरीच संपते, आणि दुसरी बाजू लावायला आपण उठतो तेव्हा क्लबातले लोकही बहुधा पुढची बिअर मागवायला उठलेले असतात. कीपन्यूजने हे विचारपूर्वक केलं यात मला शंका नाही. ‘मिस्टेरिओसो’च्या वेष्टनावर त्याने जॉर्जिओ द किरिको याचं पहिल्या महायुद्धाच्या वेळचं चित्र वापरलं. फळ्यापुढे बसलेला, चेहरा नसलेला पुतळा. फाइव्ह स्पॉटच्या चित्रकार श्रोत्यांना ते चित्र ओळखीचं असणार, आणि त्यांनी रेकॉर्ड विकत घ्यावी हा हिशोबही त्यात असावा.

चौकडी फार टिकली नाही. उन्हाळा संपला तसा ग्रिफिन निघून गेला. १५ ऑक्टोबर १९५८ रोजी मंक, पॅनोनिका आणि राउज बाल्टिमोरच्या कार्यक्रमाला गाडीने निघाले होते. वाटेत डेलावेअर राज्यात मंक पाणी प्यायला एका मोटेलात शिरला. तिथून वाद झाला, पोलीस आले, गाडीवर घट्ट धरलेल्या त्याच्या हातांवर दंडुके मारले. पियानोवादकाच्या हातांवर. या प्रकरणात त्याचं कार्ड दुसऱ्यांदा गेलं, ते जवळपास दोन वर्षं. म्हणजे दोन जप्त्यांच्या मधे फाइव्ह स्पॉटसाठी मंकला मिळाले ते १९५७ चा जुलै ते १९५८ चा शरद ऋतू, एवढेच महिने. त्यातला पहिला भाग, कोल्ट्रेनचा, फितीविना गेला. दुसऱ्या भागातल्या एका रात्रीने आपल्याला दोन रेकॉर्ड दिल्या. पोलिसांच्या एका कचेरीतला शिक्का थोडा उशिरा पडला असता किंवा डेलावेअरची घटना तीन महिने आधी घडली असती, तर त्या नसत्या. कलेचा इतिहास लिहिताना प्रतिभेबद्दल भरभरून बोललं जातं. परवान्यांबद्दलही तेवढंच बोललं पाहिजे.

मंक आणि कोल्ट्रेन यांच्या एकत्र वादनाचे दोन अवशेष पुढे सापडले. ग्रिफिनच्या जागी एका रात्रीपुरता कोल्ट्रेन बसला होता तेव्हाची, त्याची पत्नी नाईमा हिने साध्या घरगुती यंत्रावर केलेली फीत १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा आवाज खराब आहे. आणि १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये कार्नेगी हॉलमध्ये दोघांनी वाजवलं होतं त्याची सुस्पष्ट फीत २००५ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये मिळाली. ती अनमोल आहे. पण ती सभागृहातली आहे, क्लबातली नाही.

मंक पुढे कोलंबिया या बड्या कंपनीकडे गेला. १९६४ मध्ये ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर त्याचं चित्र झळकलं. १९८२ मध्ये तो वारला. रिव्हरसाइड कंपनीचं ग्रावरच्या मृत्यूनंतर १९६४ मध्ये दिवाळं निघालं. फाइव्ह स्पॉट पहिली जागा सोडून जवळच सेंट मार्क्स प्लेसला गेला आणि दशक संपण्याआधी बंद पडला. ग्रिफिन युरोपात स्थायिक झाला आणि २००८ मध्ये फ्रान्समध्ये वारला.

या दोन रेकॉर्डना अजूनही ‘कोल्ट्रेन नव्हता तेव्हाच्या’ म्हणून ओळखलं जातं. हा अन्याय आता पुरे. १९५८ पर्यंतचा मंक त्याच्या कामाच्या जागी, त्याच्या कामाच्या वेळी, स्वच्छ आवाजात ऐकायचा असेल तर याहून चांगलं साधन नाही, आणि ग्रिफिन त्या रात्री कोणाचीही बदली म्हणून वाजवत नव्हता. ज्यांनी जॅझ कधी ऐकलं नाही त्यांनी ‘इन वॉक्ड बड’पासून सुरुवात करावी. पहिल्या ऐकण्यात फक्त सॅक्सोफोनच्या मागे जा, दुसऱ्यात फक्त ड्रम्सच्या. तिसऱ्यांदा पियानो कधी थांबतो आणि कधी परत येतो तेवढंच बघा. त्यानंतर दोन्ही रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रम न बदलता ऐका. दीड तासही लागणार नाही.